देह मिळाला नाही, तर युद्धात गेलेल्या नौसैनिकाची तिथी कोणती धरायची?

तुमच्या आजोबांचे भाऊ १९७१ च्या युद्धात बोटीबरोबर गेले, देह मिळाला नाही, तर श्राद्ध कधी करायचं, असं तुम्ही विचारलंय. आमच्या पुण्यातल्या शनिवार पेठेतल्या घरी हाच वाद २८ वर्षं चालला, म्हणून लिहिते.

माझा धाकटा काका ‘आयएनएस खुकरी’च्या इंजिनरूममध्ये होता. लोणावळ्याला ‘आयएनएस शिवाजी’ या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकलेला. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने खुकरीवर टॉर्पेडो सोडला. बोट काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी बोट सोडली नाही, हे सगळे सांगतात. खाली इंजिनरूममधल्यांना सोडायची की नाही, हे ठरवायलाही वेळ मिळाला नसणार.

तारेत ‘बेपत्ता’ असं होतं. आजीने तोच शब्द धरून ठेवला. गुरुजींनी पालाशविधी सुचवला, म्हणजे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. आजी म्हणाली, “पानंच जाळायचीत ना? मग बंबात घाला.” रेशनकार्डावरचं नाव तिने कमी करू दिलं नाही. दर दिवाळीआधी ट्रंकेतला त्याचा पायजमा निघायचा, नीळ घालून धुतला जायचा. नाडी विरली असली तर सेफ्टी पिन लावून नवी ओवायची, की परत ट्रंकेत.

शास्त्राचं म्हणाल तर शस्त्राने गेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी, म्हणजे घातचतुर्दशी, आहेच. वर्षश्राद्धाला बोट बुडाली त्या दिवसाची तिथी धरा, जुन्या पंचांगात मिळेल. आमच्याकडे मात्र आजी गेल्यावरच बाबांनी काकाचं पान वाढलं.

जमलं तर दीवला जाऊन या. तिथे खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या पेटीत बोटीची प्रतिकृती आहे. (दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्रावर नावं आहेत, तेही पाहा.) बाबांना मुठेचं पाणी न्यायचं होतं. गावातली मुठा आता काय आहे ते पुणेकरांना सांगायला नको, म्हणून खडकवासल्याहून बाटली भरली. स्मारकापाशी बाबा बराच वेळ त्या पेटीभोवती फिरत राहिले. मग चिमणीच्या खाली काचेवर बोट ठेवून म्हणाले, “इथे असणार तो.” आणि बाटली घेऊन पाण्याकडे उतरले.