जुन्या मार्टिनची पाठ कोणत्या लाकडाची?

प्रश्न : अमेरिकेहून परतताना काकांनी आणलेली मार्टिन कंपनीची डी-२८ या मॉडेलची गिटार आता माझ्याकडे आहे. आतल्या ठोकळ्यावर २८३ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक आहे. पाठीवरच्या काळ्या रेषा पाहून एका दुकानदाराने ती ब्राझिलियन रोझवूडची ठरवली. ते खरे मानावे का? तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे मानेवरच्या बोटांनी तारा दाबायच्या पट्टीपासून, बऱ्याच वर गेल्या आहेत. त्यासाठी ब्रिज (तारा जिथे अडकवतात तो फळीवरचा लाकडी तुकडा) तासून घ्यावा का? – एक वाचक, पनवेल

उत्तर : रेषांपेक्षा क्रमांकावर विश्वास ठेवावा. मार्टिनचे १९७० सालचे क्रमांक २७१६३३ला आणि १९७१चे २९४२७०ला संपले, म्हणजे आपली गिटार १९७१ची ठरते. ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यानंतर कंपनीने १९६९मध्येच डी-२८साठी भारतीय रोझवूड, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या कपाटांना आणि पलंगांना वापरलेले तेच शिसव, घेण्यास सुरुवात केली होती. काळसर रेषा शिसवातही असतात. केवळ नजरेने निवाडा करू नये. शिसवाची पाठ कमी प्रतीची, हा समज मला मुळीच मान्य नाही. ब्राझिलियन लाकडाला चढा भाव येतो तो मुख्यतः दुर्मिळतेमुळे, आणि १९९२पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनेही आहेत.

आवाजाच्या दृष्टीने मला पाठीपेक्षा वरच्या स्प्रूस लाकडाच्या फळीखालची रचना महत्त्वाची वाटते. १९४४च्या अखेरीपर्यंत मार्टिन फळीखालच्या फुलीच्या आकाराच्या पट्ट्या खोलगट तासून हलक्या करीत असे. त्यानंतर त्या सरळ आणि जड झाल्या. १९६८च्या सुमारास ब्रिजखालची मेपलची छोटी चकतीवजा पट्टी जाऊन तिथे रोझवूडची मोठी पट्टी आली, त्यामुळे फळी तारांचा ताण अधिक पेलते, पण तिची थरथर काहीशी दबते. मधल्या भोकातून छोटा आरसा आणि टॉर्च आत नेल्यास ही पट्टी दिसेल. तारांच्या मुंड्यांनी तिथली भोके खाऊन रुंद केली आहेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

ब्रिज मात्र कृपा करून तासू देऊ नका. तारांच्या ताणाने मानेचा कोन वर्षानुवर्षे बदलत जातो. आपल्या गिटारच्या मानेत लोखंडी चौकोनी नळी पक्की बसवलेली असून फिरवून मान सरळ करता येईल असा रॉड मार्टिनने १९८५पासून दिला. अर्थात तो असता तरी त्याने मान वाकलेली सुधारते, मान आणि खोक्याच्या सांध्याचा कोन नव्हे. तेव्हा वाफेने सांधा सोडवून मान नव्या कोनात बसवणे हाच योग्य उपाय आहे. ब्रिज तासल्यास तारांची उंची तेवढ्यापुरती उतरेल, पण सॅडलवरून, म्हणजे ब्रिजवरच्या तारा टेकतात त्या पातळ पट्टीवरून, खाली जाणाऱ्या तारांचा कोन आणि आवाजातला जोर कमी होईल, आणि पुढे मान बसवताना नवा ब्रिजही करून घ्यावा लागेल. हे काम केलेला कारागीर मिळेपर्यंत तारा सैल ठेवाव्यात.