एकाच फांदीच्या वीस कुंड्या

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी एका स्नेह्यांनी मला शिंदळ माकुडी या मांसल खोडाच्या छोट्या वनस्पतीची बोटभर फांदी दिली होती. तिच्यापासून छाटकलमे करत आमच्या गॅलरीत आता वीस कुंड्या झाल्या आहेत. ही वनस्पती दुर्मीळ असल्याने यंदाच्या पावसाळ्यात मी ती रोपे शिवनेरीच्या कड्यावर लावून यावीत, असे सोसायटीतील मंडळींचे म्हणणे आहे. लावावीत का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : कृपया लावू नयेत. आपल्याकडे कुंड्या वीस असल्या, तरी जनुकांच्या हिशेबाने झाड एकच आहे. छाटकलमातून मूळ झाडाची हुबेहूब नक्कल तयार होते. त्यामुळे एका कुंडीला जी मूळकुज लागते, तिच्यापुढे उरलेल्या एकोणीसही तितक्याच हतबल असतात. ठाण्याच्या जुलैमध्ये माझी अशी एक अख्खी रांग आठवडाभरात बुंध्यापासून मऊ पडली, तेव्हा हे मला पुस्तकाबाहेर कळले.

कड्यावरची गोष्ट वेगळी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅलझेल यांनी 1860च्या दशकात वर्णन केलेली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून शास्त्रीय नाव मिळालेली ही वनस्पती निसर्गतः केवळ महाराष्ट्रात, शिवनेरी, पुरंदर अशा मोजक्या ठिकाणांच्या खडकाळ उतारांवर, एकमेकांपासून तुटलेल्या लहान लहान गटांत वाढते. तिथे पिवळ्या ठिपक्यांच्या गडद तांबड्या फुलांवर माश्या येतात, एका झाडाचे पराग दुसऱ्यावर पोहोचतात, शिंगांसारख्या जोडशेंगा उकलून रेशमी झुबक्याचे बी वाऱ्यावर निघते आणि त्यातून उगवणारे प्रत्येक रोप भावंडांपेक्षा किंचित निराळे असते. लांबलेला उन्हाळा किंवा नवी कीड सोसणारे एखादे रोप निघते, ते या निराळेपणामुळेच. गट आधीच लहान असताना तिथे एकाच झाडाच्या वीस नकला लावल्या, तर पुढच्या पिढीत त्या एकट्या झाडाचा वाटा उगाच फुगेल. शिवाय ती फांदी मुळात कोणत्या गडावरची होती, हे ठाऊक नसेल, तर ती शिवनेरीचीच आहे असे धरता येत नाही. हौशी संग्राहकांनी हिचे संकरही केलेले आहेत. (संरक्षित किल्ल्यावर परवानगीवाचून काही लावता येत नाही, ही बाब निराळीच.)

लागवडीतली झाडे निरुपयोगी असतात, असे मात्र नाही. वेगवेगळ्या गडांवरच्या अनेक झाडांचे बी रीतसर परवानगीने आणून, प्रत्येक कुंडीवर मूळ ठिकाण नोंदवून एखाद्या वनस्पती उद्यानाने वाढवले, तर तो जंगलातल्या विविधतेचा खरा राखीव साठा ठरतो. आपल्या कुंड्या हौशी मंडळींना खुशाल वाटाव्यात, कारण शेजाऱ्याकडून रोप मिळाले, की ते कड्यावरून उपटून आणण्याचा मोह राहत नाही. देताना स्नेह्यांना विचारून मूळ ठिकाण चिठ्ठीवर लिहावे आणि त्यांनाही ते ठाऊक नसेल, तर ‘ठिकाण अज्ञात’ असेच लिहावे.