पॅरालिसिसला सात महिने झाले, वडिलांचा उजवा हात आता सुधारेल का? मेंदूसाठी कोडी सोडवायला द्यावीत का?

"सहा महिन्यांनंतर हात येत नाही" हे नाशिकमध्ये सर्रास सांगितलं जातं आणि ते चूक आहे. पहिल्या तीन महिन्यांत वेग जास्त असतो, एवढंच खरं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'एक्साइट' चाचणीत झटक्याला ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण होते. त्यातल्या एका गटाचा चांगला हात दोन आठवडे हातमोज्यात ठेवून दुबळ्या हाताकडून कसून काम करून घेतलं. फायदा वर्षभरानंतरही दिसला.

दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार आठव्या महिन्यात माझ्याकडे आले. बोटं थोडी उघडत होती, पण घरी सून भरवायची, मुलगा बटणं लावायचा. हात वापरातून गेला की मेंदूतला त्याचा वाटाही आक्रसतो. आधी भरवणं बंद केलं. रोज तीन तास डाव्या हातात जाड हातमोजा. उजव्या हातानं सुपाऱ्या एका ताटलीतून दुसरीत, दोरीला कपड्यांचे चिमटे, पेला उचलून ठेवणं अशी सहा कामं, प्रत्येकाच्या ५० खेपा. दहापैकी सात जमतील इतपतच काम अवघड ठेवायचं. दहाही जमले की ताटली वीतभर लांब किंवा सुपारीऐवजी हरभरा. हात पुढे नेताना खांदा वर जातो, कंबर वाकते आणि मेंदू नेमकं तेच शिकतो. म्हणून छाती ओढणीनं खुर्चीच्या पाठीला सैलसर बांधली. शेवटी द्राक्षाचे मणी विरळायची कात्री दिली, कारण तिची स्प्रिंग बोटं उघडायला मदत करते. दहाव्या आठवड्यात ते स्वतःच्या हातानं जेवले.

स्पंजचा चेंडू दाबायला देऊ नका. मूठ आधीच घट्ट असते, अडतं ते उघडताना. अन् प्रेमापोटी भरवणाऱ्या नातेवाइकांशी मी आजही भांडतो: ज्या हाताला काम नाही, त्याची खबर मेंदू ठेवत नाही.

कोडी खुशाल द्या, पण त्यानं हात येणार नाही.

मनगट साधारण २० अंश आणि बोटं १० अंश स्वतःहून वर उचलत असतील तरच ही हातमोज्याची पद्धत चालते, ते आधी फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्या. चालताना, जिना चढताना हातमोजा काढा. तोल गेला तर चांगला हातच सावरतो. खांदा दुखत असेल तर दंड धरून ओढू नका.