माझी चूक, खुन्याच्या माथी

रहस्यकादंबरी लिहिणाऱ्याला खुनी कोण हे पहिल्या पानापासून ठाऊक असते, मग त्याला लिहिण्यात गंमत ती काय वाटत असावी, असे आपण विचारले आहे. वाचकाला जे सुख शोधण्यात मिळते ते लेखकाला लपवण्यात मिळते, आणि तेही वस्तू कडीकुलपात न ठेवता भर ओसरीत मांडून लपवण्यात, असा माझा अनुभव आहे. खुनी आधीपासून ठाऊक असतो, हे मात्र मला पूर्णपणे मान्य नाही.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत औसा तालुक्यातील एका गावी भावकीच्या वादातून खून होतो. विहिरीसह आठ एकर धाकट्या भावाला दिल्याचे 1978 सालचे घरगुती वाटणीपत्र त्या वादाच्या मुळाशी होते. सातबारा, फेरफार यांच्या भाषेत काही चुकले असल्यास कळावे म्हणून हस्तलिखित मी शेजारच्या निवृत्त तलाठी आप्पांना वाचायला दिले. तिसऱ्याच दिवशी त्यांनी वाटणीपत्रावर बोट ठेवून विचारले, “गुरुजी, 1978 साली लातूर जिल्हा कुठून आणलात?” ‘ता. औसा, जि. लातूर’ असे मी सवयीने लिहून गेलो होतो. लातूर जिल्हा झाला 1982 साली. तोवर औसा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात होता.

ओळ खोडण्यासाठी पेन उचलले आणि हात तसाच थांबला. कागदच बनावट असेल, तर ही चूक माझी न राहता तो बनवणाऱ्याची होते! त्या रात्री माझा खुनी बदलला. तोवर संशय आणि गुन्हा दोन्ही थोरल्या भावाकडे होते. आता जिल्हा झाल्यावर शाळेत गेलेला, पत्ता लिहिताना ‘जि. लातूर’ हेच वळण हाताला असलेला, जुना कोरा मुद्रांक मिळवून त्यावर चुलत्याची सही गिरवणारा पुतण्या पुढे आला.

पुढचा महिना मी केवळ त्या एका ओळीची जागा ठरवण्यात घालवला, आणि एवढा आनंद मला दुसऱ्या कोणत्याही लेखनाने दिलेला नाही. (पोलिसी जबाब आणि शवविच्छेदनाची प्रकरणे ही निव्वळ हमाली.) वाचकावर अन्याय होऊ नये म्हणून तिसऱ्या प्रकरणात एका म्हाताऱ्याला, जमिनीच्या दाव्याच्या तारखेला आपण पूर्वी एसटीने उस्मानाबादला कसे जात असू, हे सांगायला लावले. वाटणीपत्राचा मजकूर तारखेसह जसाच्या तसा छापला. फक्त त्याच्या लगेच खाली विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन जावांचे असे कडाक्याचे भांडण लावून दिले, की वाचकाने वरच्या कागदावर रेंगाळूच नये.

पुस्तक प्रथम वाचले ते माझ्या वहिनींनी, ज्यांचे माहेर औशाचेच. भांडणाच्या पानावर त्या मनसोक्त हसल्या. शेवटच्या प्रकरणाला पोहोचल्यावर मात्र गप्प झाल्या, भराभर पाने मागे उलटून वाटणीपत्रापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो भाऊजी, हे तर मी वाचलं होतं की!”