जुन्या बसचे घर

प्रश्न : शेतावर भंगारातील एसटी बस आणून तिचे छोटे घर करण्याचा आमचा विचार आहे. उन्हाळ्यात ते राहण्याजोगे होईल का?

उत्तर : एसटीचाच आग्रह धरू नये, कारण १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहने नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडीत काढावी लागतात. खासगी बस घेतल्यास तिची नोंदणी परिवहन कार्यालयातून रद्द करून घ्यावी. खरी अडचण पत्र्याची आहे. तो उन्हात तापतो, म्हणून टपावर हातभर अंतर सोडून गवताचे किंवा कौलांचे दुसरे छप्पर घालावे, म्हणजे मधून वारा वाहत राहून बरीचशी उष्णता आत उतरण्यापूर्वीच निघून जाईल. नुसते थर्माकोल लावणे, आगीचा धोका पाहता, मला पटत नाही. चाके काढून सांगाडा दगडी जोत्यावर टेकवावा, अन्यथा पावसाळ्यात गंज खालूनच चढतो.