कायद्याचा सल्ला: दारूची केस आणि अपघाताचा दावा

प्रश्न (नाशिक): भाचा नाकाबंदीत पकडला गेला. फुंकायच्या यंत्रावर ४२ आकडा आला. ‘कोर्टात गुन्हा कबूल कर, दंड भर, विषय संपला’ असं सगळे सांगतात. खरंच संपतो का?

उत्तर: नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं की गुन्हा होतो. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि ती झाली की कोर्टाला कलम २० खाली किमान ६ महिने लायसन्स अपात्र ठरवावं लागतं. ड्रायव्हिंगवर पोट असलेल्याला दंडापेक्षा हेच जड जातं. पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

म्हणून कबुलीआधी कागद पाहा. यंत्राच्या पावतीवर तारीख, वेळ, नाव आणि यंत्राचा क्रमांक जुळतो का? यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते अचूक मोजतं का याची तपासणी, कधी झालं होतं? माउथवॉश किंवा शेवटचा घोट नुकताच घेतला असेल तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे आकडा फुगतो. अशा वेळी पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकू द्या, अशी तिथल्या तिथे मागणी करायची असते. अटक झाली असेल तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. रक्त घेताना त्वचा स्पिरिटने पुसली होती का, हेही वकिलाला विचारायला सांगा.

फुंकायलाच नकार देणं मात्र अंगाशी येतं. त्यावरून अटक होऊ शकते आणि तो नकार पुरावा म्हणून विरोधात वापरला जातो.

प्रश्न (सांगली): पती सुतारकाम करतात, वय ३८. दारू प्यायलेल्या कारचालकाने त्यांच्या स्कूटरला उडवलं, उजवं मनगट मोडलं. चालक प्यायलेला असल्याने विमा कंपनी पैसे देणार नाही, असं ऐकलं. आता काय करू?

उत्तर: ताई, या भीतीने दावा थांबवू नका. चालकाची नशा हा बचाव विमा कंपनीला कायद्याने मिळतो हे खरं. तरीही ‘आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असे आदेश न्यायाधिकरणं देतात. दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही प्रतिवादी करा.

आधी मुदत पाहा. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ चा, म्हणजे भरपाईचा, अर्ज अपघातापासून ६ महिन्यांत करायचा आहे. या मुदतीवर सर्वोच्च न्यायालयात वाद चालू आहे, पण त्याच्या भरवशावर एक दिवसही घालवू नका. अर्ज तुमच्या राहत्या जिल्ह्यातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही करता येतो.

आता कागद. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दुखापतीचा दाखला, कारचालकाच्या रक्ताचा अहवाल आणि विमा पॉलिसीची प्रत पोलीस ठाण्यातून मिळवा. सगळ्यात मोठी चूक रुग्णालयात होते. घाईत दाखल करणारा ‘स्कूटरवरून पडले’ म्हणतो, केस पेपरवर तसंच लिहिलं जातं आणि पुढे विमा कंपनी तेच वाक्य पकडते. आजच केस पेपरची प्रत घ्या. नोंद चुकली असेल तर डॉक्टरांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच ठेवा.

भरपाईचा हिशोब असा होतो. समजा मासिक कमाई १८,००० आहे. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून २५,२००, वर्षाचे ३,०२,४००. या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणतात; वय ३६ ते ४० ला तो १५. सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावर अपंगत्व २० टक्के असेल आणि तेच धरलं तर ९,०७,२०० होतात. पण रंधा मारणाऱ्या हाताचं नुकसान त्या टक्क्यात मावत नाही. कमाईची क्षमता ४० टक्के गेली हे सिद्ध केलंत तर आकडा १८,१४,४०० होतो. त्यासाठी डॉक्टरांची साक्ष आणि गिऱ्हाईकांच्या पावत्या, बँक पासबुक असा कमाईचा पुरावा लागतो. औषधपाणी, वेदना, बुडालेली मजुरी हे वेगळं. बिलं मूळ प्रतीत जपा.

गंभीर दुखापतीला चूक सिद्ध न करता मिळणारे कलम १६४ चे अडीच लाख विचार न करता स्वीकारू नका. तडजोडीत ते घेतले की कलम १६६ चा दावा संपतो. कारवाल्याच्या माणसांनी आणलेल्या कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नको.

प्रश्न (पुणे): अपघातात जखमी झालेला माझा भाऊच थोडी प्यायला होता. दावा बाद होईल?

उत्तर: तेवढ्यावरून नाही. त्याच्या पिण्यामुळे अपघात झाला हे समोरच्याला दाखवावं लागतं. दाखवलं तर त्याच्या वाट्याच्या चुकीएवढी रक्कम कापली जाते. स्वतःच्या वैयक्तिक अपघात विम्याचं मात्र वेगळं आहे. तिथे नशेतल्या अपघाताला बहुधा अट घालून वगळलेलं असतं. पॉलिसीतली अपवादांची यादी वाचा.