‘गव्हर्नेस’ला मराठीत काय म्हणावे?

शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’ या इंग्रजी कादंबरीतील काही प्रकरणे मराठीत आणताना नायिका जेन हिच्या ‘गव्हर्नेस’ (मालकाच्या घरी राहून त्याच्या मुलांना शिकवणारी स्त्री) या पदासाठी ‘दाई’ हा शब्द वापरावा, ‘शिक्षिका’ वापरावा, की मूळ शब्दच ठेवावा, असा प्रश्न एका अनुवादकाने विचारला आहे. माझ्या मते मूळ शब्दच ठेवावा. मात्र एवढ्याने अनुवादकाची सुटका होत नाही, कारण खरी अडचण नामापेक्षा क्रियापदात आहे.

प्रथम ‘दाई’. मराठीत दाई म्हणजे बाळंतपण करणारी किंवा तान्ह्या मुलाला सांभाळणारी बाई, आणि अशी एक बाई या कादंबरीत आधीपासून आहे. जेन लहानपणी मामीच्या घरी वाढते तेव्हा तिला न्हाऊमाखू घालणारी बेसी ही खरी दाई. जेन अठरा वर्षांची झाल्यावर बेसी तिला शाळेत भेटायला येते, तिच्याकडून पियानो वाजवून घेते, तिने काढलेले चित्र पाहते, फ्रेंच येते का, भरतकाम येते का हे विचारून घेते, आणि मग समाधानाने सांगते की आता तुम्ही अगदी ‘लेडी’ झालात. बेसीने घेतलेली ही परीक्षा म्हणजेच गव्हर्नेसच्या नोकरीची पात्रता होय. जेनलाही ‘दाई’ म्हटले, तर या दोघींमधले सामाजिक अंतर, ज्यावर हा प्रसंग उभा आहे, ते पुसून जाईल.

‘आया’ हा शब्द त्याच कारणाने बाद होतो, पण त्याचा इतिहास गमतीदार आहे. आपल्याकडे तो पोर्तुगीजांकडून आला, आणि पोर्तुगीज भाषेत ‘आया’ ही मोठ्या घरातील मुलांवर देखरेख ठेवून त्यांना वळण लावणारी स्त्री, म्हणजे जवळजवळ गव्हर्नेसच. हिंदुस्थानात येता येता त्या शब्दाचा दर्जा उतरला.

‘शिक्षिका’ म्हटले की मराठी वाचकाला शाळा, हजेरीपट आणि प्रमाणपत्र दिसते. गव्हर्नेसपाशी यांतले बहुधा काहीच नसे. तिला रीतसर शिक्षण आणि प्रमाणपत्र मिळावे या हेतूने लंडनमध्ये क्वीन्स कॉलेज निघाले ते १८४८ साली, म्हणजे ‘जेन एअर’ प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षी. ‘गृहशिक्षिका’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो खरा, परंतु त्यातून संध्याकाळी तासभर येऊन शिकवणी घेणारी बाई डोळ्यांपुढे येते. गव्हर्नेस त्याच घरात राहत असे, तिथेच जेवत असे, आणि तिची सगळी कुचंबणा या राहण्यातूनच निघाली होती.

या शब्दाची सर्वांत नेमकी व्याख्या एलिझाबेथ रिग्बी या समीक्षिकेने डिसेंबर १८४८च्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या नियतकालिकात केली आहे. जन्माने, रीतीभातीने आणि शिक्षणाने आपल्या बरोबरीची, पण पैशाने आपल्याहून कमी, ती गव्हर्नेस, असा त्या व्याख्येचा आशय आहे. रिग्बीला जेन मुळीच आवडली नव्हती आणि त्या लेखात तिने कादंबरीवर सडकून टीका केली आहे, तरीही व्याख्येवर बोट ठेवायला जागा नाही. ब्रिटनमधील १८५१च्या जनगणनेत अशा सुमारे २५,००० स्त्रियांची नोंद झाली. मोलकरणींच्या लाखांच्या संख्येपुढे हा आकडा किरकोळ आहे. कादंबरीकारांना मात्र ही पंचवीस हजारांतली बाई फार उपयोगी पडली, कारण दिवाणखाना आणि नोकरांची खोली या दोन्ही ठिकाणी परकी असल्यामुळे तिला दोन्ही बाजू दिसत. थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’ या कादंबरीतील बेकी शार्प याच वाटेने बड्या घरात शिरते आणि धन्याच्या मुलाशी गुपचूप लग्न उरकते.

आता क्रियापदाकडे येऊ. इंग्रजीत गव्हर्नेस नुसती ‘येते’, आणि त्या क्रियापदावरून बोलणाऱ्याच्या मनातला तिचा मान कळत नाही. मराठीत ‘बाई आल्या’ म्हटले की वर्गातल्या बाई, आणि ‘बाई आली’ म्हटले की भांडी घासणारी. मधला मार्ग नाही. त्यामुळे जेनचा दर्जा काय, याचा निवाडा अनुवादकाला प्रत्येक पात्राच्या तोंडी करावा लागतो. माझ्या समजुतीप्रमाणे, जेन जिथे नोकरीला आहे त्या थॉर्नफिल्डची कारभारीण मिसेस फेअरफॅक्स ‘मिस एअर आल्या’ असेच म्हणेल. उलट, थॉर्नफिल्डला पाहुणी आलेली ब्लँच इंग्रॅम, जेन खिडकीच्या पडद्याआड बसलेली असताना, मघाशी जेनच्या विद्यार्थिनीबरोबर, म्हणजे आडेलबरोबर, एक ‘पर्सन’ दिसली होती असे म्हणते. तिथे ‘व्यक्ती’ लिहिणे म्हणजे उगाच सभ्यपणा होईल. ‘मघाशी कोण ती बाई होती हिच्याबरोबर, गेली का? नाही, ती बघा, बसली आहे पडद्यामागे’ असे एकवचनी वाक्य हवे. ॲन ब्राँटेच्या ‘ॲग्नेस ग्रे’त तर घरातले नोकरही मालकांचे पाहून गव्हर्नेसला किंमत देईनासे होतात. त्या घरात ‘आल्या’चे ‘आली’ कधी होते, हे मराठी अनुवादात मूळ कादंबरीहूनही स्पष्ट दाखवता येईल.

जाता जाता एक उल्लेख. सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजाच्या मुलांना शिकवायला १८६२ साली गेलेली ॲना लिओनोवेन्स ही १८३१ साली आपल्या अहमदनगरात जन्मली, पण आपला जन्म वेल्समध्ये झाला असे ती सांगत असे. ‘इंग्लिश गव्हर्नेस’ हे शब्द तिने आपल्या पुस्तकाच्या नावातच घातले. या पदाला कुलीन जन्म गृहीत धरलेला असल्यामुळे खरा जन्म झाकणे तिला भाग पडले असावे.

शब्द चालवताना गव्हर्नेसला, गव्हर्नेसने, गव्हर्नेसचा अशी साधी रूपे वापरावीत. अनेकवचनी ‘गव्हर्नेसा’ कानाला खटकते, म्हणून कर्तरी वाक्यात शब्द तसाच ठेवून क्रियापदाने अनेकवचन दाखवावे. कुत्सित बोलण्यात ‘गव्हर्नेसबाई’ शोभून दिसेल.

आणि ‘पगार’ हा शब्द टाळू नये. आपण पगारी माणूस आहोत याची आठवण जेन थॉर्नफिल्डचा मालक रॉचेस्टर याला ओळखीच्या सुरुवातीलाच करून देते, आणि त्यावर पगाराचे आपण विसरूनच गेलो होतो, असे तो म्हणतो. लग्न ठरल्यावर तो तिला रेशमी कपड्यांनी आणि दागिन्यांनी मढवू पाहतो, तेव्हाही ती अडून बसते: आपण आडेलची गव्हर्नेस म्हणूनच राहू, त्यातून राहणे, जेवण आणि वर्षाला तीस पौंड कमावू, आणि कपडेही त्याच पैशांतून घेऊ. इथे काही अनुवादकांना ‘मानधन’ लिहिण्याचा मोह होईल. जेन पगारच मागते आहे.